थ्रॉम्बिन देऊनही गळती दिसत नाही, व्हीई-कॅडहेरिनही तेवढंच. मग रक्तवाहिनीचा सांधा सुटतो तरी कसा?

रावेर_केळीपट्टा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल झाले की गळती किती वाढते, ते मोजायचं आहे. पेशी ह्युव्हेक, म्हणजे नाळेच्या शिरेतल्या, सध्या सातवा पॅसेज (सातव्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या). २४ खान्यांच्या प्लेटमध्ये ०.४ मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट (तळाला जाळी असलेले छोटे कप) वापरते, पेशी त्या जाळीवर वाढतात. वर २०० मायक्रोलीटर आणि खाली ६०० मायक्रोलीटर नेहमीचं वाढीचं मीडियम असतं. त्यात सिरम, हेपारिन (रक्त गोठू न देणारं), व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारं प्रथिन), हायड्रोकॉर्टिसोन सगळं आहे. पेशी टाकल्यावर दुसऱ्या दिवशी प्रयोग करते. वरच्या कप्प्यात ७० किलोडाल्टनचं फ्लुरोसंट डेक्स्ट्रान १ मिलिग्रॅम प्रति मिली घालते आणि बरोबर ६० मिनिटांनी खालचा नमुना वाचते.

अडचण अशी की थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं आणि सांधे सैल करणारं एन्झाइम, १ युनिट प्रति मिली दिलं तरी खालचं डेक्स्ट्रान साध्या खान्याएवढंच येतं. हिस्टामिन १० मायक्रोमोलरलाही तेच. कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए दिलं की मात्र धो धो उतरतं, म्हणजे मोजणी चालते आहे. अस्तराचा विद्युत रोध ब्लँक (पेशी नसलेला इन्सर्ट) वजा करून साधारण ६० ओहम येतो. तो इन्सर्टच्या क्षेत्रफळाने, म्हणजे ०.३३ चौरस सेंटिमीटरने, भागून १८० धरला आहे, म्हणजे अस्तर घट्ट असावं. वेस्टर्नमध्ये (एखादं प्रथिन किती आहे ते पट्ट्यावरून दाखवणारी चाचणी) थ्रॉम्बिनच्या आधी आणि नंतर सांध्यातल्या व्हीई-कॅडहेरिन प्रथिनाचा पट्टा सारखाच दिसतो.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. प्रथिन तेवढंच असेल तर गळती वाढते कशी? माझ्या मांडणीत काय चुकतंय? आणि क्लॉडिन-५, हे सांध्यातलंच दुसरं प्रथिन, मोजण्यात अर्थ आहे का? पुढच्या टप्प्यात डेंगीच्या रुग्णांचं सिरम या पेशींवर टाकायचा विचार आहे, त्याबद्दलही कोणाला माहीत असेल तर सांगा.

पांझराकाठ_धुळे

ताई, पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. बाकीचं शिरपूरची मंडळी माझ्यापेक्षा नीट सांगतील.

गळती व्हायला कॅडहेरिन नाहीसं व्हावं लागत नाही. खळ्यावर मक्याच्या ढिगावर दोन ताडपत्र्या कडीला कडी लावून सुतळीने जोडल्या आहेत असं धरा. सुतळी शाबूत आहे, कड्याही मोजून तेवढ्याच आहेत. पण चार जणांनी चार कोपऱ्यांतून ताणलं की दोन कड्यांच्या मधे फट पडते आणि पाणी आत जातं. अस्तराच्या पेशीत कोपऱ्यातून ताणणारे म्हणजे ॲक्टिन आणि मायोसिनचे दोर, आणि कड्या म्हणजे व्हीई-कॅडहेरिन.

आता रचना. व्हीई-कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग पाच सारख्या तुकड्यांचा असतो. तुकड्यांच्या मधल्या जागी कॅल्शियम बसलं की तो ताठ राहतो आणि शेजारच्या पेशीवरच्या तशाच रेणूला धरतो. तुमचं ईजीटीए नेमकं हे कॅल्शियम काढून घेतं. पेशीच्या आत दोन जागा महत्त्वाच्या. पटलाला लागून असलेल्या भागावर पी१२०-कॅटेनिन बसतं. टोकाला बीटा-कॅटेनिन किंवा प्लाकोग्लोबिन बसतं, त्याला अल्फा-कॅटेनिन आणि तिथून ॲक्टिन. पी१२०चं काम राखणदाराचं आहे. कॅडहेरिनला आत ओढून घेण्याची जी खूण त्याच्या शेपटीवर असते, ती पी१२० झाकून ठेवतं. पी१२० सुटलं की खूण उघडी पडते, कॅडहेरिन क्लॅथ्रिनच्या पुटिकांतून आत जातं आणि पृष्ठभागावर कड्या कमी होतात.

थ्रॉम्बिनचा मार्ग असा: ते पार-१ या रिसेप्टरचं टोक कापतं आणि उरलेलं टोकच रिसेप्टरला चालू करतं. तिथून दोन फाटे फुटतात. एक कॅल्शियम वाढवून मायोसिन लाइट चेन कायनेज, म्हणजे मायोसिनवर फॉस्फेट बसवून दोर ताणणारं एन्झाइम, चालू करतो. दुसरा ऱ्हो-ए आणि रॉक कायनेजमार्फत मायोसिनचा फॉस्फेट काढणारं एन्झाइम बंद पाडतो. म्हणजे दोर ताणणारा हात चालू आणि सोडणारा हात बांधलेला. म्हणून थ्रॉम्बिनचा ताण हिस्टामिनपेक्षा जास्त वेळ टिकतो. हिस्टामिनमध्ये कॅल्शियमचा वाटा मोठा असतो, तो चटकन चढतो आणि चटकन उतरतो.

व्हीईजीएफची वाट वेगळी आहे. तिथे सार्क कायनेज, व्हॅव्ह-२, रॅक-१ आणि पॅक अशी साखळी लागते. शेवटी कॅडहेरिनच्या सेरिन ६६५ वर (साखळीतल्या ६६५व्या अमिनो आम्लावर) फॉस्फेट बसतो, बीटा-अरेस्टिन-२ येतं आणि कॅडहेरिनला आत घेऊन जातं. इथे ताणापेक्षा कडीच उपटली जाते. गंमत म्हणजे हाच रॅक-१ इतर वेळी सांधा घट्ट करणाऱ्यांच्या बाजूला असतो. त्यामुळे रॅक चांगला आणि ऱ्हो वाईट अशी वाटणी डोक्यात ठेवू नका. कुठे आणि किती वेळ चालू झाला, यावर सगळं ठरतं.

सांधा धरून ठेवणारेही आहेत. सायक्लिक एएमपी वाढलं की ईपॅक आणि रॅप-१ चालू होतात आणि कडेचे ॲक्टिनचे पट्टे घट्ट होतात. रक्तातला एस१पी हा स्निग्ध रेणू त्याच्या पहिल्या रिसेप्टरवरून तेच करतो. अँजिओपोएटिन-१ आणि त्याचा रिसेप्टर टाय-२ ही तिसरी जोडी. वाहिनी बंद असण्यासाठी हे सगळे सतत राबत असतात, म्हणून बंद वाहिनीला निष्क्रिय समजू नये.

वेस्टर्नमध्ये पट्टा सारखा का, त्याचं उत्तर यातच आहे. तुम्ही पूर्ण पेशीचा अर्क घेतलात, त्यात पृष्ठभागावरचं आणि आत गेलेलं कॅडहेरिन एकत्र मोजलं गेलं. पृष्ठभागावरचं वेगळं मोजायचं तर पेशी जिवंत असताना, ४ अंशावर, पटलातून आत न जाणारं सल्फो-एनएचएस-बायोटिन ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली ३० मिनिटं लावा. मग ग्लायसिनने उरलेलं थांबवा, पेशी विरघळवा आणि बायोटिन धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन मण्यांवर ओढा. हे करताना बफरमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलंच पाहिजे. साधं पीबीएस (कॅल्शियम नसलेलं मिठाचं द्रावण) वापरलं तर धुतानाच सांधे सुटतात आणि मग तुम्ही थ्रॉम्बिन मोजत नसता, धुण्याची पद्धत मोजत असता.

ही गळती प्रत्यक्ष शरीरात कुठे होते तेही ध्यानात असू द्या. १९६१ मध्ये मॅज्नो आणि पॅलेड यांनी उंदराच्या स्नायूत हिस्टामिन देऊन दाखवलं की फटी केशवाहिन्यांत नाही, त्यांच्या लगेच पुढच्या बारीक शिरांत पडतात. ह्युव्हेक मोठ्या शिरेच्या पेशी आहेत. त्या सोयीच्या आहेत, पण बारीक शिरेची हुबेहूब नक्कल नाहीत.

बेंचवरचा_शिरपूर

पांझरा दादांनी कारण सांगितलं, मी मांडणी बघतो. ताई, तुमच्या लिहिण्यात पाच जागी गळतीचा पुरावा हरवतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हेपारिन. तुमच्या मीडियममध्ये सिरम आहे, सिरममध्ये अँटिथ्रॉम्बिन आहे आणि हेपारिन त्या अँटिथ्रॉम्बिनला धार लावतं. तुम्ही टाकलेलं थ्रॉम्बिन पार-१ पर्यंत पोचायच्या आधीच जायबंदी होतं. प्रयोगाच्या एक ते दोन तास आधी पेशी दोनदा कोमट, कॅल्शियम असलेल्या द्रावणाने हलक्या हाताने धुवा. मग हेपारिन, व्हीईजीएफ, हायड्रोकॉर्टिसोन आणि सिरम नसलेलं, ०.५ टक्के बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) असलेलं मीडियम द्या. हायड्रोकॉर्टिसोन काढायचं कारण वेगळं: ते सांधा घट्ट करतं आणि उत्तर दाबतं. पण रात्रभर उपाशी ठेवू नका. सिरममधला एस१पी गेला की अस्तर आपोआप सैल होतं, आणि मग मूळ गळतीच इतकी वाढते की थ्रॉम्बिनचा फरक त्यात दिसत नाही.

दुसरी चूक वेळेची. हिस्टामिनचा परिणाम ह्युव्हेकवर पहिल्या काही मिनिटांत शिखरावर जातो आणि अर्ध्या तासात बराचसा ओसरतो. थ्रॉम्बिनचा १५ ते ३० मिनिटांत शिखरावर, आणि साधारण दोन तासांत परत. तुम्ही ६० मिनिटांचा एकच नमुना घेता, तेव्हा पाच-दहा मिनिटांची फट उरलेल्या पन्नास मिनिटांच्या मूळ गळतीत बुडून जाते. थ्रॉम्बिनसाठी ०, ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी खालून ५० मायक्रोलीटर काढा, तेवढंच कोमट मीडियम परत घाला आणि हिशेबात ती काढघाल धरा.

तिसरी गोष्ट रोधाचा हिशेब. ओहमला क्षेत्रफळाने गुणायचं असतं, भागायचं नसतं. ६० गुणिले ०.३३ म्हणजे साधारण २० ओहम-चौरस सेंटिमीटर. ह्युव्हेकसाठी हा नेहमीचा आकडा आहे, पण १८० नाही. इतका कमी मूळ आकडा असला की यंत्राच्या काड्या जरा तिरक्या गेल्या तरी दोन-चार ओहमचा फरक पडतो आणि तो परिणाम वाटतो. काड्या दर वेळी त्याच खोबणीतून, सरळ, तेवढ्याच खोल घाला. आणि तापमान सांभाळा. द्रावण गार असलं की रोध जास्त दिसतो. जानेवारीतली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार, दोन्ही वेळा प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढून लगेच मोजली तर जळगावात आकडे जुळणारच नाहीत. एक तर ३७ अंशाच्या गरम पाटावर मोजा, नाही तर दर वेळी ठरलेला वेळ, साधारण २० मिनिटं, एकाच तापमानाला बाहेर ठेवून मोजा.

चौथी गोष्ट वरचं मीडियम. या आकाराच्या इन्सर्टला वर १०० आणि खाली ६०० मायक्रोलीटर घातलं की दोन्ही पातळ्या जवळपास सारख्या राहतात. वर २०० घातल्यावर पाण्याची उंची जास्त होते आणि द्रव नुसत्या दाबाने खाली सरकतो, सोबत डेक्स्ट्रानही नेतो. सगळ्या खान्यांत ही गळती सारखीच मिसळते आणि फरक पुसते. ही बारीक गोष्ट आहे, पण फार ठिकाणी चुकते.

पाचवी, पेशींचं वय. सातवा पॅसेज उशिराचा आहे, तिसरा ते पाचवा घ्या. इन्सर्टला आधी फायब्रोनेक्टिन किंवा जिलेटिनचा थर द्या. पेशी प्रति चौरस सेंटिमीटर एक लाख, म्हणजे एका इन्सर्टला साधारण ३३ हजार टाका आणि पूर्ण भरल्यावर दोन-तीन दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी पेशी एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण सांधा अजून पिकलेला नसतो. ट्रिप्सिन आणि ईडीटीएने पेशी सोडवताना पृष्ठभागावरचं कॅडहेरिन कापलं गेलेलं असतं, ते नव्याने बनून जागी बसायला वेळ लागतो.

ईजीटीएबद्दल एक समज दुरुस्त करतो. ते चाललं म्हणजे इन्सर्ट आणि वाचणारं यंत्र ठीक आहे, एवढंच सिद्ध होतं. थ्रॉम्बिन जिवंत आहे का, रिसेप्टर ऐकतोय का, हे त्यातून कळत नाही, कारण ईजीटीए रिसेप्टरला वळसा घालून थेट कड्या सोडतं. थ्रॉम्बिनचा साठा ०.१ टक्के बीएसएमध्ये छोट्या छोट्या नळ्यांत गोठवा, नाही तर ते प्लास्टिकला चिकटतं. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. पाठवणीत उन्हाळ्यात बर्फ वितळून आलेलं पार्सल असेल तर त्या साठ्यावर विसंबू नका. फायब्रिनोजेनच्या द्रावणात थेंब टाकून गोठतं का बघा, दोन मिनिटांत कळेल.

गळतीचा आकडा कसा काढायचा तेही लिहितो, कारण नुसतं फ्लुरोसन्स छापणं बरोबर नाही. समजा थ्रॉम्बिनच्या खान्यात ३० मिनिटांत १.२ मायक्रोग्रॅम डेक्स्ट्रान खाली आलं. म्हणजे सेकंदाला ०.०००६७ मायक्रोग्रॅम. वरची मात्रा १००० मायक्रोग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, क्षेत्रफळ ०.३३, गुणाकार ३३०. भागाकार केला की साधारण ०.०००००२ सेंटिमीटर प्रति सेकंद. हा पेशी आणि जाळी मिळून आकडा झाला. पेशी नसलेल्या, पण थर दिलेल्या इन्सर्टचा आकडा वेगळा काढा. मग दोन्हींचे व्यस्त घेऊन एकूणातून जाळीचा वजा करा, उरतो तो पेशींचा. खान्देशी बोलीत सांगायचं तर गाळणी ती गाळणीच शे, तिचा हिशेब वेगळा ठेवा.

डेक्स्ट्रानची बाटलीही तपासा. जुन्या साठ्यात रंग सुटा झालेला असतो. तो रेणू लहान असल्याने सहज खाली उतरतो आणि खोटी गळती दाखवतो. छोट्या डिसॉल्टिंग कॉलममधून एकदा काढून घ्या. या रंगाची चमक आम्लतेबरोबर बदलते, म्हणून तुलनेच्या मात्रा त्याच मीडियममध्ये बनवा, आणि ते मीडियम फिनॉल रेड नसलेलं असू द्या.

क्लॉडिन-५ बद्दल माझं मत: तुमच्या मांडणीत ७० किलोडाल्टनने ते दिसणार नाही. हा रेणू अल्ब्युमिनच्या मापाचा आहे. २००३ मध्ये क्लॉडिन-५ नसलेल्या उंदरांत रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर फक्त ८०० डाल्टनच्या खालच्या रेणूंना सैल झाला, मोठ्यांना नाही, आणि तरीही ती पिल्लं जन्मानंतर काही तासांत मेली. म्हणजे क्लॉडिन-५ बारीक चाळणी आहे, कॅडहेरिन दरवाजाची बिजागरी. क्लॉडिन बघायचं असेल तर ३७६ डाल्टनचं सोडियम फ्लुरोसिन घ्या आणि मेंदूच्या वाहिनीच्या पेशी घ्या. ह्युव्हेकमध्ये ते कमीच असतं.

रावेर_केळीपट्टा

दोघांचे मनापासून आभार. हेपारिनचं डोक्यातच आलं नव्हतं. पाचवा पॅसेज, भरल्यावर तीन दिवस, वर १०० मायक्रोलीटर, दोन तास बिनहेपारिनचं मीडियम, असं केल्यावर थ्रॉम्बिनने २० मिनिटांत रोध स्पष्ट पडतो आणि दोन तासांत बराच परत येतो.

आता नवीन गुंता. टायरोसिन ६८५ वर फॉस्फेट असलेलं व्हीई-कॅडहेरिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने वेस्टर्न केलं, तर काहीच न दिलेल्या पेशींतही पट्टा ठळक आहे. अर्क काढायच्या पाच मिनिटं आधी पेशींवर व्हॅनाडेट घातलं होतं. फॉस्फेट बसला म्हणजे सांधा उघडला, असं वाचलं होतं. मग न दिलेल्या पेशी उघड्या आहेत का?

भुसावळ_जंक्शन

नाही ताई, त्या उघड्या नाहीत. फॉस्फेट म्हणजे गळती, हे समीकरण पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं आणि ते अपुरं आहे.

आधी तांत्रिक चूक. व्हॅनाडेट फॉस्फेट काढणारी एन्झाइम थांबवतं. जिवंत पेशींवर ते आधीच टाकलं की न दिलेल्या पेशींतही फॉस्फेट साचत जातो. ते पेशी विरघळवायच्या बफरमध्ये घाला, १ मिलिमोलर, उकळून तयार केलेलं, सोबत सोडियम फ्लोराइड. प्लेट थेट बर्फावर ठेवा, मीडियम ओता, लगेच गार बफर.

एवढं करूनही थोडा पट्टा राहीलच आणि तो खरा असेल. उंदरांत असं दिसलं आहे की शिरांच्या अस्तरात टायरोसिन ६५८ आणि ६८५ वर एरवीही फॉस्फेट असतो, धमन्यांत नसतो. त्या शिरा गळत नसतात, पण ब्रॅडिकिनिन किंवा हिस्टामिन आलं की त्याच उघडतात. फॉस्फेट म्हणजे कडी काढून नुसतं लोटलेलं दार. दार ढकलायला ताण किंवा आत ओढून घेण्याची क्रिया अजून लागते. ह्युव्हेक शिरेच्याच पेशी, त्यामुळे तुमचा पट्टा त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

आणि सगळे टायरोसिन एका माळेचे मणी नाहीत. २०१४ मध्ये असे उंदीर तयार झाले ज्यांच्यात एकच टायरोसिन बदललेलं होतं. ६८५ बदलल्यावर हिस्टामिन आणि व्हीईजीएफने होणारी गळती कमी झाली. ७३१ बदलल्यावर गळतीत फरक पडला नाही, पण पांढऱ्या पेशी वाहिनीतून बाहेर पडायच्या कमी झाल्या. तिथे तर पांढरी पेशी चिकटल्यावर फॉस्फेट उलट काढला जातो. म्हणजे द्रव गळणं आणि पेशी बाहेर पडणं यांची कुलपं एकाच प्रथिनावर असूनही वेगळी आहेत. तुमच्या प्रबंधात "कॅडहेरिनचं फॉस्फोरिलेशन" असं मोघम लिहू नका, कुठल्या टायरोसिनवर ते प्रत्येक ठिकाणी लिहा.

वेस्टर्नपेक्षा सूक्ष्मदर्शक जास्त बोलेल. कोमट ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड थेट मीडियम काढल्या काढल्या घाला, १० मिनिटं. मग ०.१ टक्के ट्रायटन ५ मिनिटं, व्हीई-कॅडहेरिनसाठी अँटिबॉडी आणि ॲक्टिनसाठी फॅलॉइडिन. शांत सांधा कडेने सलग रेघेसारखा दिसतो. थ्रॉम्बिननंतर तीच रेघ करवतीच्या दात्यांसारखी होते आणि दात्यांना काटकोनात ॲक्टिनचे जाड दोर येऊन भिडलेले दिसतात. तो ताण डोळ्यांनी दिसतो. दाते दिसले पण भोक नसलं तर डेक्स्ट्रान वाढेलच असं नाही, म्हणून दोन्ही मोजा.

खात्रीसाठी उलट बाजूनेही बघा. रॉक थांबवणारं वाय-२७६३२, १० मायक्रोमोलर, अर्धा तास आधी दिलं की थ्रॉम्बिनचा परिणाम कमी झाला पाहिजे. एस१पी ०.५ ते १ मायक्रोमोलरने सांधा घट्ट झाला पाहिजे. एस१पी जास्त दिलात तर दुसरे रिसेप्टर ऱ्हो चालू करतात आणि परिणाम उलटतो, म्हणून मात्रा वाढवायचा मोह टाळा.

सातपुडा_वॉर्ड_नंदुरबार

डेंगीबद्दल लिहितो, कारण तिथे घाईने पैसे आणि नमुने दोन्ही वाया जातात.

डेंगीत ताप उतरायच्या सुमारास, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, प्लाझ्मा वाहिनीबाहेर गळतो. ही अवस्था २४ ते ४८ तास टिकते. रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा) मूळच्या २० टक्क्यांनी वाढला तर गळती लक्षणीय मानतात. छातीच्या पिशवीत, पोटात पाणी साचतं. आणि दोन दिवसांत तेच पाणी परत वाहिनीत येतं. इतक्या लवकर पूर्ववत होतं, यावरूनच समजतं की अस्तर फाटलेलं नसतं, काही काळ सैल झालेलं असतं. त्या परतीच्या वेळी सलाइन तसंच चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी भरतं. सांधा मिटतो हे लक्षात ठेवण्याचं वॉर्डातलं कारण हे आहे.

विषाणूचं एनएस१ प्रथिन यात मोठा वाटा उचलतं. ते पेशींच्या सांध्यावरच नाही, अस्तराच्या वरच्या साखरेच्या थरावर, ग्लायकोकॅलिक्सवरही घाव घालतं. पेशींतलीच सायालिडेज, कॅथेप्सिन एल आणि हेपारानेज ही एन्झाइम चालू करून तो थर उतरवतं. म्हणून नुसतं कॅडहेरिन रंगवून डेंगीची गळती पूर्ण समजणार नाही. सायालिक आम्ल आणि हेपारान सल्फेट यांचेही रंग लावा.

आता ताई, रुग्णांच्या सिरमबद्दल. सिरम म्हणजे गोठलेल्या रक्ताचं पाणी. गोठताना थ्रॉम्बिन तयार झालेलं असतं, प्लेटलेट्सनी एस१पी आणि व्हीईजीएफ सोडलेलं असतं. म्हणजे सांधा उघडणारे आणि मिटवणारे, दोन्ही तुम्ही नळीतच बनवले. त्यात डेंगीच्या रुग्णांचे प्लेटलेट कमी, निरोगी माणसाचे जास्त, त्यामुळे तुलनाच वाकडी होते. प्लाझ्मा घ्यायचा म्हटलं तर ईडीटीए आणि सायट्रेट कॅल्शियम धरतात, ते तुमच्या ईजीटीएचेच भाऊबंद. हेपारिनची नळी घेतली तर थ्रॉम्बिनचा प्रश्न परत येतो, शिवाय एनएस१ हेपारान सल्फेटला चिकटत असल्याने हेपारिन त्याच्याही आड येतं. सायट्रेट प्लाझ्मा मीडियममध्ये १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवून, कॅल्शियम मोजून पुरवून, आणि निरोगी व्यक्तीचा सायट्रेट प्लाझ्मा तसाच शेजारी ठेवून काम करता येतं. पुरवलेल्या कॅल्शियमने प्लाझ्मा प्लेटमध्येच गोठू नये म्हणून थ्रॉम्बिन थांबवणारं हिरुडिन घालावं लागतं. ५६ अंशाला अर्धा तास तापवलं तर कॉम्प्लिमेंटही (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं) जातं, ते तुमच्या प्रश्नाचा भाग असेल तर तापवू नका. संसर्गाचा धोका, दुसऱ्या पातळीची जैवसुरक्षा आणि संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी हे सगळं आधी. एका सत्राच्या प्रकल्पात हे बसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा शुद्ध एनएस१ घ्या, ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीने सुरुवात करा. सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेलं घ्या. ई. कोलायमध्ये बनवलेल्यात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं विष, राहतं आणि तेही एनएस१सारखंच टीएलआर-४ या रिसेप्टरवरून सांधा सैल करतं, मग कुणाचं श्रेय कुणाला द्याल? एंडोटॉक्सिन निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घातलेला एक खाना ठेवाच. आणि वेळ बदला: थ्रॉम्बिनचं मिनिटांत मोजता, एनएस१चं तासांत. रोध काही तासांनी तळाला जातो आणि २४ तासांपर्यंत सावरतो, म्हणून ०, ३, ६, ९, २४ तासांना वाचा.

आपल्याकडच्या शेतशिवारातली आणखी एक गोष्ट याच विषयाची आहे, म्हणून लिहितो. घोणसाच्या विषात रक्त गोठवणाऱ्या साखळीतला दहावा आणि पाचवा घटक थेट चालू करणारी प्रथिनं असतात, म्हणजे शेवटी थ्रॉम्बिन. सोबत वाहिनीखालचा कोलॅजनचा पायाच कुरतडणारी मेटॅलोप्रोटिनेज असतात. काही रुग्णांत गालाच्या ग्रंथी आणि डोळ्यांचा पांढरा भाग सुजून, रक्त दाट होऊन केशवाहिनी गळतीचं पूर्ण चित्र उभं राहतं. तिथे सांधा मिटवणारे मार्ग चालू असले तरी पेशींना पाय रोवायला जमीनच उरत नाही. हे इन्सर्टवर दिसणार नाही, कारण तिथली जमीन प्लास्टिकची आहे.

बेंचवरचा_शिरपूर

नंदुरबारच्या डॉक्टरांशी पूर्ण सहमत. ताई, या सत्रात थ्रॉम्बिनच नीट पूर्ण करा. एक प्लेट अशी लावा, प्रत्येकी तीन खाने: पेशी नसलेली जाळी, काही न दिलेल्या पेशी, थ्रॉम्बिन, हिरुडिनसोबत १० मिनिटं ठेवलेलं थ्रॉम्बिन, नुसतं वाय-२७६३२, वाय-२७६३२ नंतर थ्रॉम्बिन, आणि ईजीटीए ५ मिलिमोलर. मीडियममध्ये कॅल्शियम साधारण १.८ मिलिमोलर असतं, म्हणून त्याहून बरंच जास्त. हे २१ झाले. उरलेले तीन खाने थ्रॉम्बिन देऊन २० मिनिटांनी रंगवायला ठेवा, जाळी ब्लेडने कापून काचपट्टीवर उलटी न करता बसवा.

हिस्टामिन या प्लेटवर घेऊ नका. एका खान्याला २० सेकंद धरले तरी २४ खान्यांचा फेरा ८ मिनिटांचा होतो, तोवर हिस्टामिनचं शिखर निघून गेलेलं असतं. ते सहा खान्यांचं वेगळं करा. थ्रॉम्बिनही सगळ्या खान्यांत एकदम न घालता ज्या क्रमाने नमुने काढणार त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतराने घाला. दहापट दाट द्रावण १० मायक्रोलीटर, इन्सर्टच्या कडेने, पिपेटचं टोक पेशींना न लावता.

आणि एका प्लेटमधले तीन खाने म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग तीनदा वाचलेला आहे. वेगवेगळ्या नाळांच्या पेशींवर, वेगवेगळ्या दिवशी, अशा तीन प्लेटा झाल्या की मग सरासरी आणि विचलन काढा.